रीडबॅक बरोबर, विमान चुकीच्या जागी: टॉवरशी बोलताना होणारे घोटाळे टाळण्याची पद्धत

‘नंबर वन, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह.’ २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने एवढंच सांगितलं होतं. वैमानिकाने त्याचा रीडबॅक बरोबर दिला, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवली. त्यानंतर विमान होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीआधी थांबायच्या जागी, न थांबता धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं आणि उतरणारं एअरबस ए३५० त्याच्यावर आदळलं. एअरबसमधले ३७९ जण बाहेर पडले. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला.

‘रीडबॅक नीट दिला की आपलं काम झालं’ ही समजूत शिकाऊ वैमानिकांमध्ये घट्ट बसलेली असते. आरटीची (रेडिओवर बोलण्याची) परीक्षा पास होण्यापुरती ती चालून जाते, हवेत चालत नाही. कानावर पडलेले शब्द तोंडाने परत म्हणता येतात आणि त्याच वेळी डोक्यात वेगळाच अर्थ बसलेला असू शकतो. माणूस बहुतेक वेळा जे ऐकण्याची वाट पाहत असतो तेच ऐकतो. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या रीतीने केलेली आहे: ऐकलेली सूचना आठवणीशी न ताडता कागद, नकाशा, एटिस (विमानतळाची रेडिओवर सतत बोलली जाणारी माहिती) किंवा उपकरण यांपैकी कशाशी तरी ताडायची.

उदाहरणं एका वैमानिकाच्या सेस्ना १७२ ची आहेत. दोन वैमानिक असतील तिथे काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

टप्पा १: इंजिन सुरू करण्याआधी, कागदावर

नीबोर्डवरच्या (मांडीवर बांधायच्या पाटीवरच्या) कागदाला मधोमध उभी रेघ मारा. डाव्या रकान्यात ‘अपेक्षित’, उजव्यात ‘मिळालेलं’. डावा रकाना जमिनीवरच पूर्ण भरायचा:

१. सगळ्यात वर स्वतःचं कॉलसाईन (विमानाचं रेडिओवरचं नाव), मोठ्या अक्षरात. शाळेची विमानं रोज बदलतात आणि कालच्या विमानाचं कॉलसाईन तोंडात राहतं.

२. फ्रिक्वेन्सी ज्या क्रमाने लागतील त्याच क्रमाने: एटिस, ग्राउंड, टॉवर, अ‍ॅप्रोच. शेवटी १२१.५, म्हणजे आणीबाणीची फ्रिक्वेन्सी.

३. एटिसचं अक्षर, वापरात असलेली धावपट्टी, वारा, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब).

४. टॅक्सीचा (विमान जमिनीवरून चालवत नेण्याचा) अपेक्षित मार्ग. तो विमानतळाच्या नकाशावर पेन्सिलीने आखा. जिथे टॅक्सीवे धावपट्टीला छेदतो आणि जिथे नकाशावर हॉट स्पॉट (चूक होण्याचा धोका असलेली जागा) दाखवलेला आहे, तिथे गोल करा.

५. त्या वेळेला उडणाऱ्या, आपल्यासारखंच कॉलसाईन असलेल्या विमानांची नावं. शाळेच्या फळ्यावर दिवसाचा कार्यक्रम असतो, तिथून ती मिळतात. तुम्ही किलो माइक रोमिओ आणि सर्किटमध्ये (विमानतळाभोवतीच्या फेरीत) किलो रोमिओ माइक असेल, तर हे उड्डाणाआधी माहीत हवं.

उजवा रकाना कोराच ठेवायचा. एटीसीकडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून) जे येईल ते फक्त तिथे. दोन्ही रकाने जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर फरक लगेच नजरेत भरतो, आणि तो दिसावा यासाठीच डावा रकाना आहे.

*सावधान:* डाव्या रकान्यावरून कधीही रीडबॅक देऊ नका. ‘रोज हाच मार्ग देतात’ म्हणून आधीच लिहून ठेवलेला मार्ग वाचून दाखवला जातो, आणि नेमका त्याच दिवशी तो बदललेला असतो.

टप्पा २: माइक, बोलण्याचा वेग आणि आकडे

माइक ओठांच्या अगदी जवळ हवा, मध्ये जेमतेम करंगळी मावेल इतका. लांब माइकमध्ये इंजिनाचा आवाज जास्त आणि तुमचा कमी जातो. रेडिओ चेकला मिळणारा आकडा एक ते पाचमधला असतो. पाच म्हणजे स्वच्छ. तीन म्हणजे कष्टाने कळतंय, आणि त्या आवाजावर उड्डाणाला निघू नये. हेडसेटचा जॅक पूर्ण आत गेलाय का, व्हॉल्यूम आणि स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) कुठे आहे, हे आधी पाहा.

बटण पूर्ण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. शेवटचा शब्द संपल्यावरच बटण सोडा. बटण दाबता दाबता बोलायला सुरुवात केली की पहिलं अक्षर कापलं जातं, आणि पहिलं अक्षर नेमकं कॉलसाईनचं किंवा स्टेशनच्या नावाचं असतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या आत असावा. आकड्यांच्या आधी आणि नंतर किंचित थांबावं. घाईघाईने बोललेला कॉल पुन्हा विचारला जातो, म्हणजे वेळ उलट जास्त जातो.

तीन ‘ट्री’, चार ‘फोअर’, पाच ‘फाइफ’, नऊ ‘नायनर’, हजार ‘टाउजंड’. वर्गात हे ऐकून हसू येतं, पण खरखरणाऱ्या रेडिओवर फाइव्ह आणि नाइन यांतला फरक खरोखर नाहीसा होतो. हेडिंग (दिशा), स्क्वॉक (रडारवर विमान ओळखण्याचा ट्रान्स्पॉन्डरचा कोड) आणि फ्रिक्वेन्सी यांचे अंक सुटे म्हणा. उंचीतले पूर्ण हजार आणि शेकडे मात्र हजार-शेकड्यांत: ‘टू टाउजंड फाइफ हंड्रेड फीट’.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. ऐकलेले अंक मनात मराठी संख्येत बदलू नका. ‘टू फाइफ’ ऐकून मनात ‘पंचवीस’ म्हटलं की पाच आधी येतो आणि वीस मागून, आणि घाईत कागदावर ५२ उतरतं. अंक जसे येतील तसे, एकेक, त्याच क्रमाने लिहायचे.

*तपासा:* बटण सोडल्यावर ट्रान्समिटचा दिवा विझला का? अडकलेलं बटण सगळ्या फ्रिक्वेन्सीचं तोंड बंद करतं, आणि ज्याचं अडकलं आहे त्याला फक्त ‘आज फारच शांतता आहे’ एवढंच जाणवतं.

टप्पा ३: पहिला कॉल

फ्रिक्वेन्सी बदलल्यावर आधी ऐका. कोणाला सूचना दिली असेल तर तिचा रीडबॅक होऊ द्या. दुसऱ्याच्या रीडबॅकवर बोलणं हा सर्वांत सहज घडणारा गुन्हा आहे: दोघांचेही शब्द जातात आणि टॉवरला नुसती किंचाळी ऐकू येते.

कॉलचा क्रम ठरलेला आहे: कोणाला, कोण, कुठे, कोणत्या उंचीवर, एटिसचं अक्षर, काय हवंय.

‘नागपूर टॉवर, व्हिक्टर टँगो किलो माइक रोमिओ, सेस्ना वन सेव्हन टू, वन फाइफ माइल्स ईस्ट, टू टाउजंड फाइफ हंड्रेड फीट, इन्फर्मेशन डेल्टा, रिक्वेस्ट जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स.’

बोलण्याआधी हे मनात एकदा म्हणून घ्या. बटण दाबून ‘अं... सर... वी आर...’ अशी सुरुवात झाली की कंट्रोलर आधीच दुसऱ्या विमानाकडे वळलेला असतो.

कॉलसाईन स्वतःहून छोटं करू नका. आधी कंट्रोलरने ‘व्हिक्टर माइक रोमिओ’ म्हटलं पाहिजे, मगच तुम्ही तसं म्हणायचं. फ्रिक्वेन्सीवर मिळतंजुळतं कॉलसाईन आहे की नाही हे त्याला समोर दिसत असतं, तुम्हाला नाही.

‘स्टँडबाय’ आलं तर थांबा. त्याचा अर्थ होकार नाही, नकारही नाही. नवी फ्रिक्वेन्सी देताना ‘कॉन्टॅक्ट’ म्हटलं असेल तर तिथे जाऊन बोलायचं, ‘मॉनिटर’ म्हटलं असेल तर फक्त ऐकत राहायचं. जुनी फ्रिक्वेन्सी स्टँडबायच्या खिडकीत तशीच राहू द्या. नव्यावर उत्तर आलं नाही तर एका बटणाने परत येता येतं.

टप्पा ४: आधी लिहा, मग वाचा

बहुतेकांचा क्रम इथे उलटा असतो: ऐकलं, आठवणीतून रीडबॅक दिला, मग लिहिलं. म्हणजे कागदावर उतरतं ते स्वतःच्याच तोंडचं, कंट्रोलरचं नव्हे. बरोबर क्रम असा: ऐका, ऐकता ऐकता लिहा, कागदावरून वाचा, मग उपकरणात लावा.

पूर्ण शब्द लिहीत बसायला वेळ नसतो. स्वतःची खूण ठरवा आणि ती बदलू नका. चढण्यासाठी वर बाण, उतरण्यासाठी खाली बाण. हेडिंगभोवती गोल, वेगाखाली नागमोडी रेघ. होल्ड शॉर्टसाठी धावपट्टीच्या आकड्याखाली जाड आडवी रेघ. ही रेघ कागद फाटेल इतकी जाड असली तरी चालेल.

ग्राउंडकडून आलं समजा: ‘व्हिक्टर माइक रोमिओ, टॅक्सी व्हाया अल्फा, चार्ली, होल्ड शॉर्ट ऑफ रनवे ट्री टू, क्यूएनएच वन झीरो झीरो नायनर.’

उजव्या रकान्यात एवढंच दिसायला हवं: अ, च, त्याखाली ३२ आणि जाड रेघ, शेजारी १००९. डावीकडे तुम्ही अल्फा, ब्राव्हो लिहिलेलं होतं. चार्ली आणि ब्राव्हो जुळत नाहीत हे इथे, ब्रेक लावलेले असताना, कळतं. मग नकाशावर चार्ली शोधायचा आणि नंतरच हलायचं.

आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडण्याचा) क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, लांब असतो. त्यासाठी क्राफ्टचा (CRAFT, इंग्रजी आद्याक्षरांचा) साचा वापरा: कुठपर्यंत परवानगी, मार्ग, उंची, फ्रिक्वेन्सी, ट्रान्स्पॉन्डरचा कोड, अशा पाच ओळी आधीच आखून ठेवायच्या. ओळ रिकामी राहिली तर नेमकं काय विचारायचं हे कळतं. आणि तयारी नसेल तर क्लिअरन्स मागूच नका. टॅक्सी करताना तो लिहायचा प्रयत्न करणं म्हणजे दोन्ही कामं अर्धवट.

टप्पा ५: रीडबॅक

या गोष्टी शब्दशः परत म्हणाव्याच लागतात:

– मार्गाचा क्लिअरन्स
– धावपट्टीवर जाणं, उतरणं, उड्डाण, ती ओलांडणं, तिच्यावर बॅकट्रॅक करणं (उलट दिशेने जाणं) आणि तिच्याआधी थांबणं
– वापरातली धावपट्टी, क्यूएनएच, स्क्वॉक
– उंची, हेडिंग, वेग
– ट्रान्झिशन लेव्हल (जिच्याखाली क्यूएनएच लावायचा ती पातळी)

वारा परत म्हणायची गरज नाही. इतर विमानांबद्दलची माहितीही नाही. सगळंच परत म्हणत राहिलं की महत्त्वाचा आकडा गर्दीत हरवतो आणि फ्रिक्वेन्सी विनाकारण अडते.

रीडबॅक कॉलसाईनने संपवा. कॉलसाईन नसलेला रीडबॅक कोणाचाही असू शकतो.

नेहमीच्या चुका:

‘रॉजर.’ याचा अर्थ ‘तुमचा सगळा संदेश मिळाला’, एवढाच. तो रीडबॅक नाही आणि हो-नाही प्रश्नाचं उत्तरही नाही. होकाराला ‘अफर्म’, नकाराला ‘निगेटिव्ह’. होल्ड शॉर्टच्या सूचनेला ‘रॉजर’ म्हटलं तर कंट्रोलरने पुन्हा विचारलंच पाहिजे.

अर्धा आकडा. ‘टू फाइफ हंड्रेड’ म्हणजे काय? उंची दिली असेल तर ‘फीट’ म्हणा, फ्लाइट लेव्हल (ठरलेल्या प्रमाण दाबावर मोजलेली, शेकडा फुटांतली उंची) असेल तर ‘फ्लाइट लेव्हल’ म्हणा. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या बोइंग ७४७ ला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ असं सांगण्यात आलं. आकडा होता २,४००. वैमानिकाने ‘टू’ (दोन) हा इंग्रजी ‘पर्यंत’ समजला आणि उत्तर दिलं: ‘ओके, फोर झीरो झीरो.’ ४०० फुटांच्या दिशेने निघालेलं ते मालवाहू विमान टेकडीवर आदळलं, चौघंही गेले. ‘टू टाउजंड फोर हंड्रेड फीट’ या एका वाक्यात हा घोटाळा होऊच शकत नाही.

प्रश्नार्थक रीडबॅक. आकड्याची खात्री नसताना तो किंचित वर चढलेल्या सुरात म्हणून पाहायचा आणि ‘चूक असेल तर टोकतील’ असं गृहीत धरायचं. गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर तो सूर कोणाच्या लक्षात येत नाही. प्रश्न असेल तर तो प्रश्न म्हणूनच विचारा.

टप्पा ६: रीडबॅकनंतरचे काही सेकंद

रीडबॅक संपला की हात लगेच थ्रॉटलकडे जाऊ देऊ नका. टॉवर ‘निगेटिव्ह’ म्हणतोय का ते ऐका. रीडबॅक तपासणं हे कंट्रोलरचं काम आहे, पण त्या क्षणी तो स्ट्रिपवर (विमानाच्या नोंदपट्टीवर) लिहीत असेल, दुसऱ्या फोनवर असेल. त्याच्या गप्प बसण्याला पक्का होकार मानू नका.

रीडबॅकची आणखी एक मर्यादा आहे: चूक कंट्रोलरची असेल तर अचूक रीडबॅक ती चूकच पक्की करतो. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाकडे येणाऱ्या एका एअरबस ए३२० ला क्यूएनएच १००१ ऐवजी १०११ सांगण्यात आला. वैमानिकांनी जे ऐकलं तेच बिनचूक परत म्हटलं आणि लावलं. एक हेक्टोपास्कल म्हणजे समुद्रसपाटीजवळ साधारण २८ फूट. दहाच्या फरकाने विमान दाखवत होतं त्यापेक्षा सुमारे २८० फूट खाली होतं. पावसात, धावपट्टी दिसत नसताना, ते जमिनीपासून ६ फुटांवर येऊन वर उचललं गेलं. एटिसवर बरोबर आकडा, १००१, बोलला जात होता.

*तपासा:* मिळालेला प्रत्येक क्यूएनएच एटिसच्या आकड्याशी ताडा. दोनपेक्षा जास्त फरक दिसला तर विचारा: ‘कन्फर्म क्यूएनएच.’ डावा रकाना इथेही कामी येतो.

टप्पा ७: धावपट्टीच्या आसपास

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हवेत चुकलेली उंची सुधारायला बहुधा थोडा अवकाश मिळतो, धावपट्टीवर तो मिळत नाही.

१. होल्डिंग पॉइंट जवळ आला की बोलणं, चेकलिस्ट, फोन, सगळं बंद. डोळे बाहेर.

२. स्वतःला मोठ्याने विचारा: ‘मला धावपट्टीवर जायची परवानगी कोणत्या शब्दांनी मिळाली आहे?’ ‘लाइन अप’, ‘क्रॉस’, ‘बॅकट्रॅक’, ‘क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ’ यांपैकी एकही शब्द उजव्या रकान्यात नसेल तर परवानगी मिळालेली नाही. ‘नंबर वन’ हा रांगेतला क्रमांक आहे, परवानगी नव्हे. हानेदाच्या अपघातानंतर जपानने कंट्रोलरांना असा क्रमांक सांगणं काही काळ थांबवायला लावलं.

३. लाल स्टॉप बार (धावपट्टीआधीची दिव्यांची आडवी रांग) पेटलेला असेल तर तो ओलांडू नका, तोंडी परवानगी मिळाली असली तरी. आधी दिवे विझवायला सांगा.

४. ‘लाइन अप अँड वेट’ म्हणजे धावपट्टीवर जा आणि थांबा. पूर्ण रीडबॅक द्या, ‘वेट’ गाळू नका.

५. सशर्त परवानगीत दुसऱ्या विमानाचा उल्लेख असतो: ‘बिहाइंड द लँडिंग एटीआर, लाइन अप रनवे ट्री टू, बिहाइंड.’ ते विमान डोळ्यांनी दिसलं आणि ओळखलं तरच ही परवानगी घ्या. फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) दोन विमानं असतील आणि कोणतं ते कळत नसेल तर तसं सांगा. रीडबॅकमध्ये अट आलीच पाहिजे.

६. आत जाण्याआधी फायनलकडे बघा. परवानगी असली तरी बघा.

७. ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाच्या प्रत्यक्ष परवानगीसाठी, तिच्या रीडबॅकसाठी किंवा ती रद्द करण्यासाठी. तयार असाल तर ‘रेडी फॉर डिपार्चर’ म्हणा.

हा सातवा नियम २७ मार्च १९७७ च्या टेनेरिफच्या अपघातामागून आला. धुक्यात धावपट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या केएलएमच्या विमानाला मार्गाचा क्लिअरन्स मिळाला होता. उड्डाणाचा मिळाला नव्हता. त्याचा रीडबॅक ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’ असा संपला. टॉवरने ते ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असं घेतलं आणि ‘ओके’ म्हटलं. त्यापुढचं ‘स्टँडबाय फॉर टेक-ऑफ’ आणि अजून धावपट्टीवरच असलेल्या पॅन अ‍ॅमचा कॉल एकाच वेळी गेले, त्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये दोन्ही नीट पोहोचले नाहीत. ५८३ माणसं गेली. एकाच वेळी दोघं बोलल्याची ती किंचाळी ऐकू आली तर ‘ब्लॉक्ड’ म्हणा, म्हणजे पुन्हा सांगितलं जाईल. ती ऐकून पुढे निघू नका.

उतरताना ‘कंटिन्यू अ‍ॅप्रोच’ म्हणजे उतरायची परवानगी नाही. शॉर्ट फायनलवर ‘क्लिअर्ड टू लँड’ ऐकल्याचं आठवत नसेल तर विचारा. विचारायला वेळ नसेल तर गो अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.

टप्पा ८: हवेत

उंची मिळाली, लिहिली, वाचली, लावली. आता लावलेला आकडा पुन्हा कागदाशी ताडा. दोन वैमानिक असतील तर एकाने लावायचा, दुसऱ्याने आकड्याकडे बोट दाखवून मोठ्याने वाचायचा. दोघांनी वेगवेगळं ऐकलं असेल तर आपसात मतदान करू नका, एटीसीला विचारा. कॉकपिटमधल्या वरिष्ठाने ‘मी ऐकलंय’ म्हटल्यावर विषय संपतो, तो संपू देऊ नये. एकटे असाल तर स्वतःशीच मोठ्याने म्हणा.

दुसऱ्या विमानाची माहिती म्हणून आलेला आकडा उजव्या रकान्यात लिहू नका. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीकडे येणाऱ्या कझाक मालवाहू विमानाला फ्लाइट लेव्हल १५० वर राहायचं होतं, समोरून येणाऱ्या सौदी बोइंगला १४० वर. समोरच्या विमानाची माहिती कझाक विमानाला रेडिओवर दिली गेली. कझाक विमान १५० च्या खाली उतरलं आणि चरखी दादरीवर दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ मृत्यू. त्या विमानात एटीसीशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. बोलणारा आणि उंचीवर नजर ठेवणारा यांच्यामध्ये जितकी माणसं, तितकी तपासणी जास्त लागते.

टीकॅस (टक्कर टाळणारं उपकरण) बसवलेल्या विमानात आरए (त्या उपकरणाची वर किंवा खाली जाण्याची सूचना) आला तर एटीसीची सूचना बाजूला ठेवून आरए पाळायचा आणि ‘टीकॅस आरए’ एवढं कळवायचं. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगनवर एका विमानाने आरए पाळला आणि दुसऱ्याने कंट्रोलरचं ऐकलं. दोन्ही खाली जात राहिली आणि एकमेकांवर आदळली.

टप्पा ९: शंका आली तर

आपल्याकडे मोठ्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे लक्ष नसल्याची कबुली वाटते. टॉवरमधला आवाज करडा असेल तर ‘यस सर’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. फ्रिक्वेन्सीवर हा संकोच पूर्ण सोडा. तिसऱ्यांदा विचारणारा विद्यार्थी कंट्रोलरला परवडतो, न समजता हललेला परवडत नाही.

सगळंच निसटलं: ‘से अगेन.’ अर्धं निसटलं: ‘से अगेन ऑल आफ्टर चार्ली.’ आकड्याची खात्री हवी: ‘कन्फर्म हेडिंग वन टू झीरो.’ जमणार नाही: ‘अनेबल’, आणि एका वाक्यात कारण. स्वतःचं चुकलं: ‘करेक्शन’, मग बरोबर वाक्य. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर ‘से अगेन स्लोली’.

टॅक्सी करताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं तर थांबा आणि तसं सांगा. एक अपवाद: धावपट्टीवर आहोत अशी शंका असेल तर आधी बाहेर पडा आणि बाहेर पडता पडताच बोला.

सूचना दुसऱ्याच्या कॉलसाईनची होती की आपली, अशी शंका असेल तर अमलात आणू नका. विचारा: ‘कन्फर्म फॉर व्हिक्टर माइक रोमिओ?’ दुसऱ्या कोणी तुमच्या सूचनेचा रीडबॅक दिला तरीही लगेच बोला.

टप्पा १०: अडचण सांगायची ती ठरलेल्या शब्दांत

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ अवियांकाचं बोइंग ७०७ सव्वा तासाच्या होल्डिंगनंतर इंधन संपून कोसळलं. सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, ‘प्रायॉरिटी’ हा शब्दही वापरला होता. ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द कंट्रोलरपर्यंत एकदाही पोहोचला नाही. ७३ जणांचा मृत्यू झाला.

आज इंधनासाठी दोन पायऱ्या ठरलेल्या आहेत. यापुढे थोडाही उशीर झाला तर राखीव इंधनात हात घालावा लागेल अशी स्थिती आली की ‘मिनिमम फ्युएल’. हे फक्त कळवणं आहे, याने प्राधान्य मिळत नाही. उतरताना शेवटचं राखीव इंधनही पूर्ण उरणार नाही असं गणित निघालं की ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. हे शेवटचं राखीव जेट विमानाला ३० मिनिटांचं, पिस्टन इंजिनाला ४५ मिनिटांचं असतं. गणित आकड्याने करा, अंदाजाने नाही.

इतर संकटात क्रम असा: तीनदा मेडे, स्टेशन, कॉलसाईन, काय झालं, काय करणार, कुठे आहात, उंची आणि हेडिंग, विमानात किती जण. तातडी आहे पण जिवाला लगेच धोका नाही, तर तीनदा ‘पॅन पॅन’. रेडिओ गेला तर स्क्वॉक ७६००, इमर्जन्सीला ७७००. शब्द सुचले नाहीत तर साध्या इंग्रजीत सांगा, पण सुरुवात मेडेनेच करा. तो शब्द ऐकला की बाकीची फ्रिक्वेन्सी गप्प होते.

टप्पा ११: उतरल्यावर

इंजिन बंद केल्यावर कागद फेकू नका. दोन रकाने जिथे जुळले नाहीत तिथे खूण करा: मार्ग बदलला होता, की तुम्ही चुकीचं ऐकलं होतं? ‘से अगेन’ कुठे म्हणावं लागलं? आठवड्याभरात एकाच जातीच्या खुणा दिसू लागतात. कोणाच्या फ्रिक्वेन्सी चुकतात, कोणाचे डावे-उजवे वळण. सराव त्याचाच करायचा. जोडीदाराने क्लिअरन्स वाचावा, तुम्ही लिहून रीडबॅक द्यावा, आणि त्याने मुद्दाम चुकीचे आकडे घालावेत. मग भूमिका बदला आणि जोडीदाराच्या रीडबॅकमधली पेरलेली चूक पकडा. कंट्रोलरच्या बाजूने बसल्यावर ती किती सहज सुटते ते दिसतं.

संवादातल्या गोंधळामुळे काही घडलं, किंवा घडता घडता राहिलं, तर त्याच दिवशी शाळेच्या सेफ्टी मॅनेजरकडे लेखी द्या: यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाईन आणि आठवतील ते नेमके शब्द. एटीसीचं रेकॉर्डिंग किमान ३० दिवस ठेवणं बंधनकारक असतं. नंतर ते पुसलं जाऊ शकतं, म्हणून अहवालासोबतच रेकॉर्डिंग राखून ठेवण्याची विनंती करा.